वकिली करायची नाही, मग काय? : एका करिअर मार्गदर्शन सेवेचं परीक्षण

कायद्याची पदवी हातात आहे, पण कोर्टात उभं राहायचं नाही, असं ज्यांचं ठरत आलं आहे त्यांच्यासाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन मार्गदर्शन सेवेबद्दल लिहिते आहे. मी ती शेवटपर्यंत घेतली, त्यानंतर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कामात नोकरीला लागले, आणि आता तिचं मोल सांगता येईल इतका काळ मध्ये गेला आहे. सेवेचं नाव देत नाही. त्यांच्या काही गोष्टी मला अजिबात पटल्या नाहीत, हे एक कारण. दुसरं, अशाच धर्तीच्या सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत. त्यांतली कुठलीही घेण्याआधी काय तपासायचं हे कळलं तर नावावाचून अडणार नाही.

सेवेचे तीन भाग आहेत. आधी समुपदेशकाशी सविस्तर बोलणं, मग वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या खऱ्या कामाच्या धर्तीवरच्या चाचण्या, आणि शेवटी त्या क्षेत्रांत काम करणाऱ्यांशी गाठ घालून देणं. बायोडेटा, मुलाखतीची तयारी, प्रमाणपत्र हे सगळं जोडीला येतं. माझं मत आधीच सांगून टाकते: मधल्या भागासाठी ही सेवा जरूर घ्यावी. तिसरा भाग तुमच्यासमोर कोण येतं त्यावर अवलंबून आहे. जोडीला येणाऱ्या उरलेल्या गोष्टींसाठी पैसे मोजू नयेत.

पहिल्या बोलण्यात मला एक गोष्ट फार आवडली. ज्या समुपदेशक होत्या त्यांनी स्वतः कायदेविषयक प्रकाशनात निवाड्यांचे सारांश लिहिण्याचं काम केलेलं होतं. त्यांनी पदाचं नाव विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "दिवसाचे सात-आठ तास काय वाचत बसायची तुमची तयारी आहे ते सांगा. करार, नियम, निवाडे, आकडे, की लोकांच्या तक्रारी? आणि लिहायचं कोणासाठी, कायदा जाणणाऱ्यांसाठी की न जाणणाऱ्यांसाठी?" कायद्याचे विद्यार्थी बहुधा पदांच्या नावांनी बोलतात. "मला कंप्लायन्समध्ये जायचंय", म्हणजे कंपनी नियम पाळते ना हे पाहण्याच्या कामात, हे वाक्य तर सर्रास ऐकू येतं. पण त्या एका शब्दाखाली किती निरनिराळी कामं येतात! बँकेतला कंप्लायन्सवाला ग्राहकाची ओळख आणि पैशाचा उगम तपासतो. औषध कंपनीतला डॉक्टरांना दिलेल्या मानधनाचे हिशेब पाहतो. निर्यात करणाऱ्या कंपनीतला कुठला माल कोणत्या देशात, कोणाच्या हाती जाणार याची शहानिशा करत असतो. पद तिघांचंही एकच, पण दिवस तिघांचे वेगळे. हा फरक पहिल्याच तासाभरात समोर ठेवणारा माणूस भेटणं ही मोठी गोष्ट आहे.

आता चाचण्या. प्रत्येक चाचणीत कागदपत्रांचा एक गठ्ठा, ठरलेला वेळ आणि शेवटी त्याच क्षेत्रातल्या माणसाने लिहिलेला अभिप्राय असतो.

करारांच्या चाचणीत एका पुरवठादाराशी केलेला लांबलचक करार दिला होता. त्यात दुरुस्त्या सुचवायच्या असतील असं कोणालाही वाटेल. काम वेगळंच होतं: सह्या झाल्या आहेत असं धरून चाला, आणि आता कोणी, केव्हा, काय करायचं त्याचा तक्ता बनवा. मुदतीच्या कलमात लिहिलं होतं की साठ दिवस आधी नोटीस दिली नाही तर करार आपोआप वाढेल. आणि पार मागच्या पानांवर, नोटिशींच्या कलमात, ईमेलने दिलेली नोटीस ग्राह्य नाही असं म्हटलं होतं. दोन्ही कलमं एकत्र वाचणाऱ्यालाच कळतं की साठाव्या दिवशी ईमेल पाठवणारी कंपनी आणखी एका मुदतीसाठी अडकली. नुकसानभरपाईची कमाल मर्यादाही अशीच. ती एका कलमात घातलेली, आणि तिचे अपवाद व्याख्यांमध्ये पेरून ठेवलेले. कोर्टात करार येतो तो भांडण झाल्यावर; इथे तो भांडण होऊ नये म्हणून रोज उघडावा लागतो. कॉन्ट्रॅक्ट मॅनेजरचं काम हेच, आणि कायदा शिकलेल्या माणसाला ते लवकर जमतं, कारण परंतुकं आणि अपवाद शोधत वाचायची सवय त्याला अभ्यासानेच लावलेली असते. याच गठ्ठ्यात लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा घेण्याचं, कलमही होतं आणि परदेशी पुरवठादाराशी करार करताना कोर्टाऐवजी लवाद का निवडतात असा प्रश्न होता. उत्तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहे: तो मान्य केलेल्या १७० हून अधिक देशांमध्ये लवादाचा निवाडा बजावता येतो. कोर्टाच्या हुकूमनाम्याला इतकी व्यापक सोय नाही. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे ज्ञान खरेदी विभागातल्या माणसाला चार ओळींत समजावून सांगायचं होतं, आणि गुण त्या चार ओळींना होते.

माझं पुढचं ठरलं ते माहिती-संरक्षणाच्या चाचणीमुळे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. एका दवाखान्याच्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप प्रवासात हरवला, एवढीच घटना. ती युरोपीय महासंघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याखाली तपासायची. २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याचं ३३ वं कलम सांगतं की माहितीचा भंग झाल्याचं कळल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामकाला कळवा. मात्र त्या भंगामुळे लोकांच्या हक्कांना धोका पोहोचण्याची शक्यता नसेल तर कळवण्याची गरज नाही. चाचणीत या घटनेच्या दोन आवृत्त्या होत्या. एकीत लॅपटॉपवरची माहिती पक्की कूटबद्ध (एन्क्रिप्टेड), ती उघडण्याची किल्ली सुरक्षित, दुसरी प्रत शाबूत. दुसरीत काहीच कूटबद्ध नाही आणि आत रुग्णांचे तपासणी अहवाल. पहिल्या प्रकारात नियामकाकडे जायचं कारण नाही, तरी घटनेची नोंद मात्र ठेवावीच लागते. दुसऱ्या प्रकारात नियामकाला तर कळवायचंच, शिवाय धोका मोठा असल्यामुळे ३४ व्या कलमाप्रमाणे रुग्णांनाही कळवायचं.

इथवर पुस्तकी होतं. खरी मेख वेळेत होती. कर्मचाऱ्याने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आयटी विभागाला लॅपटॉप हरवल्याचं कळवलं. माहिती-संरक्षण अधिकाऱ्याने ते पत्र वाचलं सोमवारी सकाळी दहाला. मग "कळल्यापासून" म्हणजे केव्हापासून? अधिकाऱ्याने सोमवारी वाचलं ही संस्थेची सबब होऊ शकत नाही. संस्थेला शुक्रवारीच कळलेलं होतं. शनिवार-रविवारही मोजायचे. म्हणजे सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत, अवघ्या एका कामाच्या दिवसात, काय गेलं, कोणाचं गेलं, किती जणांचं गेलं हे शोधून कळवायचं. सगळी माहिती हाताशी नसेल तर ती टप्प्याटप्प्याने देण्याची मुभा कायदा देतो, हे ज्याला ठाऊक आहे तो घाबरत नाही. ज्याला ठाऊक नाही तो पूर्ण अहवालाची वाट पाहत बसतो आणि मुदत घालवतो. या कलमाचा भंग झाला तर दंड एक कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या २ टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

त्यानंतर संचालकांसाठी एका पानाचं टिपण लिहायचं होतं. त्यावरचा अभिप्राय मी अजून जपून ठेवला आहे. कोर्टासाठी लिहिताना आधी वस्तुस्थिती, मग कायदा, मग निष्कर्ष असा क्रम हाताला बसलेला असतो. इथे निष्कर्ष पहिल्या ओळीत हवा, दुसऱ्या ओळीत आज सहा वाजेपर्यंत कोणी काय करायचं ते, आणि कायदा सगळ्यांत शेवटी. अभिप्राय देणाऱ्याने माझं टिपण याच क्रमाने पुन्हा लिहून पाठवलं होतं. एवढे कष्ट कोण घेतं? या एका गोष्टीसाठी मी त्या सेवेची ऋणी आहे, आणि आजही टिपण लिहायला बसले की तोच क्रम पाळते.

या कामासाठी वकिलीची सनद लागत नाही. कायद्याची पदवीच हवी असंही जीडीपीआर म्हणत नाही. माहिती-संरक्षणाचा कायदा आणि व्यवहार यांचं तज्ज्ञ ज्ञान हवं, एवढंच ३७ वं कलम म्हणतं. म्हणजे आपली स्पर्धा संगणक सुरक्षा आणि लेखापरीक्षणातून आलेल्या लोकांशीही असते. हे सेवेने स्पष्ट सांगितलं, आणि तांत्रिक बाजू किमान किती समजून घ्यावी याची जुजबी यादीही दिली.

आर्थिक गुन्हे रोखण्याच्या क्षेत्राची चाचणी मला कंटाळवाणी वाटली, पण ती प्रामाणिक होती. जी-७ देशांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या एफएटीएफ या काळा पैसा रोखण्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या ४० शिफारशींभोवती जगभरच्या बँकांची ही यंत्रणा उभी आहे. चाचणीत निर्बंध-यादीतल्या नावांशी जुळणारी ग्राहकांची नावं दिली होती. जन्मतारीख, देश, व्यवसाय ताडून हा तोच माणूस आहे की निव्वळ नामसाधर्म्य, हे ठरवायचं आणि प्रत्येक निर्णयाचं कारण एका वाक्यात नोंदवायचं. असं एकामागून एक. सुरुवातीच्या पदांवर काम असंच असतं आणि चाचणीने ते लपवलं नाही. शेवटचा प्रश्न मात्र सुरेख होता: कंपनीचा खरा लाभार्थी, म्हणजे तिच्यामागची मालक व्यक्ती, शोधायची. एका कंपनीचे ६० टक्के शेअर दुसरीकडे, आणि त्या दुसरीचे ५० टक्के एका व्यक्तीकडे. म्हणजे अप्रत्यक्षपणे ३० टक्के त्या व्यक्तीचे, आणि २५ टक्क्यांची मर्यादा धरली तर ती नोंदवावी लागते. पहिल्या कंपनीच्या कागदावर ती व्यक्ती कुठेच दिसत नव्हती. ज्यांना अशी साखळी उलगडण्यात रस आहे त्यांनी या क्षेत्राकडे जरूर पाहावं.

सोप्या भाषेत लिहिण्याची चाचणी छोटी होती. विमा पॉलिसीतलं एक अपवादाचं कलम सामान्य वाचकासाठी लिहायचं, आणि अर्थ तसूभरही हलू द्यायचा नाही. सोप्या भाषेसाठी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं आहे, आयएसओ २४४९५-१. मजकूर वाचकाच्या कामाचा असावा, हवं ते सापडावं, समजावं आणि वापरता यावं, ही त्याची चार तत्त्वं. हे काम करणारी माणसं विमा कंपन्यांना, बँकांना, सरकारी खात्यांना लागतात. दोन्ही भाषा, म्हणजे कायद्याची आणि लोकांची, ज्याला येतात तोच ते करू शकतो. या विषयाला सेवेने आणखी जागा द्यायला हवी होती.

आता जे पटलं नाही ते.

कायदा आणि तंत्रज्ञानाचा विभाग म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली भाषणं. सगळीकडे उज्ज्वल भविष्य, चाचणी एकही नाही. दस्तऐवज छाननीचं, म्हणजे खटल्याशी संबंधित कागद वेगळे काढण्याचं काम तर नवोदितांसाठी उत्तम प्रवेशद्वार म्हणून दाखवलं आहे. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी नियमांत २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माहितीचा स्पष्ट समावेश झाला, आणि लाखो ईमेल वाचून संबंधित-असंबंधित अशा खुणा करणाऱ्यांची गरज वाढत गेली, हे खरं. पण २०१२ मध्येच न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने संगणकाच्या मदतीने केलेली छाननी मान्य केली होती. पहिल्या फेरीचं वाचन यंत्राकडे जाण्याची सुरुवात इतकी जुनी आहे. जो विद्यार्थी आज या कामात शिरणार त्याला हे सांगायलाच हवं. त्याच न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टापुढे ठेवल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यातून दिसतं की यंत्राने दिलेलं उत्तर मूळ निवाड्याशी ताडून पाहणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे. कायदेविषयक माहिती-उत्पादनं बनवणाऱ्या कंपन्यांत हे काम खरोखर असतं. त्याची चाचणी बनवणं अवघड नव्हतं.

पेटंटच्या विभागात याहून गंभीर उणीव आहे. शोध घेणं, मुदती सांभाळणं, पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत अग्रहक्क सांगणं (म्हणजे नंतरच्या अर्जांना त्या पहिल्या अर्जाची तारीख मागणं), पेटंट सहकार्य या आंतरराष्ट्रीय कराराखाली बहुतेक देशांत ३० महिन्यांपर्यंत राष्ट्रीय टप्प्यात शिरणं (म्हणजे त्या त्या देशात अर्ज पुढे नेणं), हे सगळं छान शिकवलं आहे. पण पेटंट एजंट होण्यासाठी अनेक देशांत विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. ते पहिल्या ओळीत हवं. निव्वळ कायदा शिकलेल्यांसाठी ट्रेडमार्क आणि परवाना करार हा सरळ मार्ग आहे. त्याला तिथे जेमतेम एक परिच्छेद.

मध्यस्थीबद्दल तर मला रागच आला. मध्यस्थीतून झालेल्या तडजोडी देशोदेशी बजावता याव्यात यासाठीच्या सिंगापूर मध्यस्थी करारावर २०१९ मध्ये सह्या झाल्या, २०२० मध्ये तो अमलात आला, म्हणून आता मध्यस्थांना चांगले दिवस, असं नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींना सांगणं योग्य नाही. मध्यस्थ दोन्ही पक्षांच्या पसंतीने नेमला जातो. ती पसंती नावलौकिकावर ठरते आणि नावलौकिक मिळायला काळ जातो. त्याऐवजी लवाद संस्थांच्या सचिवालयांबद्दल सांगायला हवं होतं. हेगचं स्थायी लवाद न्यायालय १८९९ च्या परिषदेतून आलं. पॅरिसमधलं आयसीसीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचं, लवाद न्यायालय १९२३ पासून आहे. अशा संस्थांमध्ये प्रकरणांची नोंद, मुदती, शुल्क, निवाड्याच्या मसुद्याची तपासणी यांसाठी कायदा शिकलेली तरुण माणसं लागतात. त्याचा उल्लेखही नाही. कायद्यांचे मसुदे लिहिण्याचं कामही असंच वगळलं आहे. ब्रिटनमध्ये संसदेसाठी विधेयकं लिहिणारं स्वतंत्र कार्यालय १८६९ पासून आहे, इतकं हे जुनं आणि कसदार काम. मानवी हक्क संस्था, धोरण संशोधन, पत्रकारिता यांना मिळून एकच विभाग दिला आहे. एकूण सेवेचा कल मोठ्या कंपन्यांकडे आहे, हे पैसे भरण्याआधी ओळखून असावं.

तिसऱ्या भागात मला दोन माणसं अशी भेटली की त्यांचं बोलणं अजून उपयोगी पडतं. एक जण माहिती-संरक्षण अधिकारी होते. ते म्हणाले, "नोकरी स्वीकारण्याआधी एकच विचारा, मी अहवाल कोणाला देणार?" जीडीपीआरच्या ३८ व्या कलमानुसार हा अधिकारी थेट सर्वोच्च व्यवस्थापनाला अहवाल देतो, आपलं काम केल्याबद्दल त्याला काढता किंवा शिक्षा करता येत नाही, आणि हितसंबंधांचा संघर्ष होईल अशी दुसरी जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. २०२० मध्ये बेल्जियमच्या नियामकाने एका कंपनीला ५०,००० युरोंचा दंड केला तो याच कारणाने: तिथला अधिकारी कंप्लायन्स, जोखीम आणि लेखापरीक्षण या विभागांचाही प्रमुख होता. मुलाखतीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा समोरचे सावरून बसले, आणि तिथून आमचं बोलणं बरोबरीचं झालं.

दुसऱ्या बाई कंपन्यांच्या अंतर्गत चौकशा करत. त्यांनी सांगितलेली गोष्ट मुख्य अभ्यासक्रमातच असायला हवी. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं, पण वकिली सोडून दुसऱ्या पदावर गेलात की ते कवच तुमच्याबरोबर येत नाही. कंपनीत नोकरीला असलेल्या वकिलालाही ते सगळीकडे मिळत नाही. २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने सांगितलं की महासंघाच्या स्पर्धाविषयक चौकशीत कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला हे संरक्षण नाही. मग कंप्लायन्स अधिकाऱ्याने मोकळेपणाने लिहिलेली टिपणं उद्या चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊ शकतात. काय लिहायचं, कुठे थांबायचं आणि बाहेरच्या वकिलाला केव्हा बोलवायचं, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं लागतं. मला ते कळलं कारण त्या भेटल्या. माझ्याबरोबरच्या कित्येकांना कळलं नसेल.

बायोडेटाच्या भागाबद्दल थोडक्यात. त्यांचा एक साचा आहे आणि त्यातून बाहेर पडलेला प्रत्येक बायोडेटा सारखाच दिसतो. अभिरूप न्यायालयाचा (मूट कोर्टचा) उल्लेख आणि वरिष्ठांच्या हाताखाली केलेलं काम काढून टाका, असा त्यांचा आग्रह होता. मी दोन्ही ठेवलं. दावे आणि कैफियती लिहिलेल्या माणसाला तारखा जुळवता येतात आणि पुराव्यावाचून विधान करायचं नाही एवढी शिस्त असते. नोकरी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न मला त्याच कामावर आले. प्रमाणपत्र कोणी पाहायला मागितलं नाही.

आणखी एक उणीव सांगते, कारण पालक आणि विद्यार्थी दोघेही हेच विचारतात: पुन्हा वकिलीकडे वळायचं झालं तर? सनद स्थगित ठेवावी लागते का, पगारी नोकरी चालते का, खंड पडला तर काय, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि ते पाळले नाहीत तर परतीची वाट अवघड होते. सेवेने यावर एक शब्द काढला नाही. आपल्या सनद देणाऱ्या संस्थेचे नियम स्वतः वाचा, नोकरीचं पत्र हातात घेण्याआधी वाचा.

कोणत्या क्षेत्रात जायचं हे ज्यांचं पक्कं ठरलं आहे त्यांना ही पूर्ण सेवा लागणार नाही. मागितलं तर ते एकच चाचणी आणि एकच भेट असंही देतात. जे अजून गोंधळात आहेत त्यांनी चाचण्या आधी कराव्यात आणि समुपदेशकाशी दुसरं बोलणं त्यानंतर ठेवावं. वेळापत्रकात क्रम उलटा असतो, पण सांगितलं की बदलून देतात. आणि पैसे भरण्याआधी एखाद्या चाचणीवरच्या अभिप्रायाचा नमुना पाहायला मागा. तो लिहिणारा माणूस त्या क्षेत्रात आज काम करतो का, हे स्पष्ट विचारा. मला दोन्हींची उत्तरं मिळाली होती, म्हणूनच मी नाव नोंदवलं.